पात्राची खतावणी

कादंबरीच्या साठाव्या-सत्तराव्या पानावर कधीतरी असं होतं, की पात्र खोलीत येतं, खुर्चीत बसतं आणि बसूनच राहतं. लेखक त्याला उठवून खिडकीपाशी नेतो. ते बाहेर बघतं. पाऊस पडत असेल तर पाऊस बघतं. मग उसासा टाकतं. पात्रं उसासे टाकायला लागली, की ओळखावं, त्यांना काही कामच उरलेलं नाही.

या अवस्थेला आपण ‘स्फूर्ती आटली’ म्हणतो. शब्द भारदस्त आहे आणि सोयीचाही, कारण आटलेल्या गोष्टीची वाट बघण्यापलीकडे काही करता येत नाही असं त्यात धरूनच चाललेलं असतं. माझं म्हणणं त्या मानाने रुक्ष आहे. पात्र थंडावतं ते बहुतेक वेळा त्याचा हिशोब लिहायचा राहून गेल्यामुळे. त्याला कोणाचं काय देणं आहे, कोणाकडून काय येणं आहे, हे लेखकालाच सांगता येत नसेल, तर ते खोलीबाहेर पडणार कशासाठी?

पहिल्या वीस पानांना हा हिशोब लागत नाही. तेव्हा ओळख नवी असते आणि नव्या ओळखीवर बरंच निभावतं. नॉर्वेजियन नाटककार हेन्रिक इब्सेन याने आपल्या खर्ड्यांबद्दल सांगितलेलं प्रसिद्ध आहे: पहिल्या खर्ड्याच्या वेळी पात्रांची ओळख रेल्वेप्रवासात भेटलेल्या माणसांइतकी असते, दुसऱ्याच्या वेळी एखाद्या आरोग्यस्थळी महिनाभर सोबत राहिल्याइतकी, आणि तिसऱ्या वेळी ती जवळची, पुरती ओळखलेली माणसं झालेली असतात. बहुतेकांचं लिखाण अडतं ते यातल्या पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यांच्या मधे. डब्यातल्या गप्पा संपलेल्या असतात, स्टेशन अजून आलेलं नसतं आणि समोरच्या माणसाला आता काय विचारावं ते सुचत नाही.

आधी नेमकं काय थांबलंय ते पाहून घ्यावं. लेखक दमलाय, पात्र थांबलंय आणि कथानक अडलंय, ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिघांचा औषधोपचार वेगळा. तपासणी सोपी आहे. वीस मिनिटं घड्याळ लावून कादंबरीशी संबंध नसलेलं काहीही लिहायचं, एखाद्या यंत्राची कृती, एखाद्याला पत्र, काहीही. हात चालला तर लेखक ठीक आहे. नाही चालला, तर आठवडाभर झोप आणि वाचन. त्याला दुसरा उपाय नाही, आणि पुढचं सगळं तोवर बाजूला ठेवलेलं बरं. हात चालत असेल तर दुसरी वीस मिनिटं: तेच पात्र कथानकाबाहेरच्या एखाद्या क्षुल्लक अडचणीत टाकायचं. किल्ली घरात विसरून दार ओढून घेतलंय. रांगेत त्याचा नंबर आला आणि खिडकी बंद झाली. तिथे ते हललं, बोललं, चिडलं, तर पात्र जिवंत आहे आणि घोटाळा कथानकात आहे. तिथेही ते उभं राहून विचारच करत बसलं, तर दुखणं पात्राचं. हा लेख या शेवटच्या दुखण्याबद्दल आहे.

अशा वेळी हाताशी येतो तो प्रश्नावलीचा तक्ता. पात्राच्या डोळ्यांचा रंग, आवडता ऋतू, लहानपणीची भीती, शंभरेक प्रश्न. भरायला मजा येते आणि भरून झाल्यावर काम केल्याचं समाधानही मिळतं. पण पात्र जागचं हलत नाही. याचं कारण साधं आहे. या प्रश्नांची उत्तरं फुकट असतात. आवडता रंग निळा लिहिला काय आणि हिरवा लिहिला काय, दुसऱ्या कोणाचं काही बिघडत नाही. जे उत्तर बदलल्यावर दुसऱ्या पात्राच्या आयुष्यात फरक पडत नाही, ते उत्तर कथेच्या दृष्टीने कोरंच.

खतावणीचं, म्हणजे देण्या-येण्याच्या हिशोबवहीचं, तसं नाही. तिथे प्रत्येक नोंदीला समोर एक माणूस लागतो. एक कागद घ्यायचा, पाठपोट एकच, जास्त नाही. एका बाजूला ‘देणं’, दुसऱ्या बाजूला ‘येणं’. प्रत्येक बाजूला कमीत कमी तीन, जास्तीत जास्त पाच नोंदी. नोंदीत चार गोष्टी हव्यात: कोणाचं, काय, कधीपासून, आणि समोरच्याला ते माहीत आहे का. पहिल्या तीन गोष्टी कोणालाही सुचतात. सगळा जीव चौथ्या रकान्यात आहे. पैशाच्या व्यवहारात दोन्ही वह्यांत आकडा एकच असावा लागतो. माणसांच्या व्यवहारात तो जवळपास कधीच एक नसतो. एकजण डोंगराएवढं ऋण वागवत असतो आणि समोरच्याला प्रसंगसुद्धा आठवत नसतो. दुसरा ‘फिटलं सगळं’ म्हणून मोकळा झालेला असतो आणि त्याच्या नावावर अजून बाकी निघत असते. कथा या फरकात असते.

उदाहरण घेऊ. एक बाई, बावन्न वर्षांची, एका रुग्णालयात एक्स-रे काढण्याचं काम करते. नाव निर्मला. कादंबरीत ती सुरुवातीला झोकात आली होती आणि आता खिडकीपाशी उभी आहे. तिचा कागद असा भरता येईल.

देण्याच्या बाजूला पहिले खालच्या मजल्यावरचे नाना. तिच्या आईच्या शेवटच्या आजारात ते सलग अकरा रात्री जागले. याला चार वर्षं झाली. नानांना हे देणं वाटतच नाही, ते विसरूनही गेलेत. दुसरा धाकटा भाऊ. वडिलांच्या घरातला हिस्सा त्याने तिच्या नावे लिहून दिला, तेव्हा ती म्हणाली होती, “बघू पुढे.” ते ‘पुढे’ नऊ वर्षांत आलं नाही. भाऊ विसरला असेल असं ती धरून चाललीय. तो विसरलेला नाही. तिसरे विभागातले डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडून एका एक्स-रेवर डाव्या-उजव्या बाजूची खूण उलटी पडली. अहवाल लिहिण्याआधी त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी परत काढायला लावला आणि कुठे नोंद केली नाही. दोघांनाही माहीत आहे, दोघंही बोलत नाहीत.

येण्याच्या बाजूला नमुन्यापुरत्या दोनच नोंदी घेऊ. एक सहकारी, जिच्या लग्नाच्या वेळी निर्मलाने तीन महिने तिच्या रात्रपाळ्या केल्या. सहकारी समजते, पेढ्यांचा पुडा दिला, फिटलं. आणि मुलगी. मुलीने एकदा तरी आपणहून विचारावं, “तू कशी आहेस?” एवढंच येणं. मुलीला हे खातं अस्तित्वात आहे याचाही पत्ता नाही.

हिशोबाच्या वह्यांत आणखी एक खातं असतं, उचंती. रक्कम आलीय किंवा गेलीय, पण ती कोणाच्या नावावर टाकायची ते ठरलेलं नाही, ती तात्पुरती तिथे ठेवतात. पात्राच्या कागदावरही तळाला उचंतीची एक ओळ राखावी, एकच. निर्मलाच्या कपाटात एक जुनी एक्स-रे फिल्म आहे, तिच्यावर नाव नाही. कोणाची, ते लेखकालाही अजून ठाऊक नसू दे. ही ओळ भरून काढायची घाई करू नये. कधीकधी पुढे तीच कादंबरीचा अर्धा भार उचलते. आणि नाहीच उपयोग झाला, तर तिसऱ्या खर्ड्यात खोडून टाकायला कितीसा वेळ लागतो!

आता काम सुरू होतं. कागदावरच्या कोणत्या दोन नोंदी एकमेकींना आडव्या येतात, ते बघायचं. निर्मलाच्या बाबतीत दिसायला वेळ लागत नाही. नानांना खोकला आहे, छातीचा एक्स-रे सांगितलाय आणि ते तिच्याच पाळीत येऊन उभे राहतात. चित्र पडद्यावर सगळ्यात आधी तिला दिसतं. त्यावर बोलण्याचा अधिकार तिचा नाही, अहवाल डॉक्टरांचा. नानांचं देणं म्हणतं, सांग. डॉक्टरांचं देणं म्हणतं, गप्प बस. नाना शर्टाची बटणं लावत विचारतात, “काय गं, दिसलं का काही?” आता तिला खिडकीपाशी पाठवणं कोणालाच जमणार नाही.

हा प्रसंग सुचला नाही, वहीतून निघाला, हे लक्षात घ्यावं. दोन नोंदी धडकवल्यावर प्रसंग निघतोच असं नाही; पाच-सहा जोड्या जुळवल्या की एखादी पेट घेते. चाळीस-पन्नास मिनिटांचं काम आहे. पहिल्या दोन जोड्यांवर हात टेकू नयेत, कारण पहिल्या दोन सगळ्यांनाच सुचतात. निर्मला आणि भाऊ, निर्मला आणि मुलगी, हे कुठल्याही वाचकाला आधीच दिसलेलं असतं. सहकारी आणि डॉक्टर यांच्यामधे काय होईल, हे मात्र वहीशिवाय दिसत नाही. समजा, ती उलटी खूण पडली ती लग्नासाठी सोडवलेल्या रात्रपाळीत, सलग दुसऱ्या रात्री. म्हणजे निर्मलाच्या डोक्यावरचं एक देणं खरं तर दुसऱ्या कोणाच्या खात्यात टाकायला हवं होतं. ती टाकत नाही. का टाकत नाही, यावर एक प्रकरण उभं राहतं.

धंद्याचं काय? पात्राला नुसतं कामाचं नाव देऊन भागत नाही. ‘ती एक्स-रे विभागात कामाला होती’ हे वाक्य पात्राला खुर्चीतच ठेवतं. प्रत्येक कामाची दहा नामं, पाच क्रियापदं, एक रोजची चूक आणि एक अंगावर उमटणारं दुखणं, एवढं लेखकाकडे असलं की पुरे. निर्मलाकडे शिशाची काच आहे, जिच्या मागे उभं राहून ती बटण दाबते. छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला आहे. छातीच्या एक्स-रेसाठी माणसाला फळीला छाती लावून उभं करायचं, हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. नळी साधारण १८० सेंटिमीटर मागे. गळ्यातली साखळी काढायला सांगायची. मग “श्वास घ्या… धरा…” आणि “सोडा”. दिवसात पन्नास-साठ वेळा ती लोकांना श्वास धरायला सांगते आणि सोडायला सांगते. वॉर्डात जाऊन एक्स-रे काढायचा असला, की शिशाचा एप्रन अंगावर येतो आणि संध्याकाळी खांदे बोलतात.

यातलं सगळं छापायचं नसतं. पानावर दोनच गोष्टी येतील, पण त्या दोन कोणत्या, हे बाकीच्या पंधरा माहीत असल्याशिवाय ठरत नाही. माहिती मिळवताना त्या कामातल्या माणसाला ‘तुमच्या कामाबद्दल सांगा’ असं विचारू नये. त्यावर भाषण मिळतं. तीन प्रश्न जास्त देतात: दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं, नवशिक्याची पहिली चूक कोणती, आणि कोणता आवाज कानावर पडला की मान आपोआप वर होते.

इथे एक धोका आहे. गोळा केलेल्या माहितीचा मोह भयंकर असतो. एक पानभर टिपणाला एक पानभर प्रसंग, हे प्रमाण सोडू नये. चाळीस पानं टिपणं आणि प्रकरण शून्य, हा नेहमी दिसणारा अपघात आहे, आणि त्यात लेखकाला आपण अडलोय हे कळतही नाही, कारण लिहिणं तर रोज चाललेलं असतं.

आता भाषेकडे येतो, कारण मराठीत लिहिणाऱ्याला इथे फुकटचा खजिना आहे आणि स्फूर्तीची वाट बघताना तो हटकून विसरला जातो. आपल्या व्याकरणातच माणसं तपासायची यंत्रं बसवलेली आहेत. नानांना न सांगितल्यानंतर निर्मला काय म्हणेल? “मी सांगितलं नाही.” “माझ्याकडून सांगायचं राहिलं.” “सांगायचं राहून गेलं.” “त्यांनी तरी कुठे नीट विचारलं?” घटना एक, वाक्यं चार आणि दोष प्रत्येक वाक्यात एक घर पुढे सरकलेला. पहिल्यात तो तिच्या पदरात आहे, दुसऱ्यात हाताच्या बोटांवर, तिसऱ्यात कोणाचाच नाही, चौथ्यात नानांचा. ही चार वाक्यं चार वेगळ्या पात्रांना वाटून देता येतात. त्याहून चांगलं म्हणजे एकाच पात्राला चार माणसांसमोर द्यावीत: मुलीला एक, भावाला दुसरं, डॉक्टरांना तिसरं आणि रात्री स्वतःला चौथं. कोणाला कुठलं, हे ठरवता ठरवता पात्राचा कणा हाताला लागतो.

‘मी ठरवलं’ आणि ‘माझं ठरलं’, ‘मी रागावले’ आणि ‘मला राग आला’, या जोड्याही अशाच. काही माणसांना आयुष्यात सगळं ‘होतं’, ‘येतं’, ‘सुचतं’, ‘वाटतं’. काहीजण सगळं ‘करतात’. अडलेल्या पात्राचे शेवटचे तीन संवाद काढून क्रियापदांखाली रेघ मारून पाहावी. सगळी ‘वाटतं’ आणि ‘होतं’ निघाली, तर पात्र का बसून आहे याचं उत्तर तिथेच मिळतं. बदल करायचा तर सगळी उलटवू नयेत. एकाच वाक्यात, नेमक्या जागी, तिला ‘मी केलं’ म्हणू द्यावं.

मग ‘आपण’ आणि ‘आम्ही’. “अहवाल आमच्याकडे संध्याकाळी मिळतो” असं निर्मला अनोळखी माणसाला म्हणेल. नानांना “आपल्याकडे संध्याकाळी मिळतो” म्हणेल. एका शब्दाने तिने त्यांना काउंटरच्या आत घेतलं. आणि प्रसंगाच्या शेवटी, चित्र बघितल्यानंतर, ती नानांनाच “आमच्याकडे” म्हणाली तर? तिने काही सांगितलं नाही, आणि सगळं सांगून टाकलं. ‘तू’, ‘तुम्ही’चंही तेच. पात्रांनी एकमेकांना काय म्हणायचं, हे पहिल्याच दिवशी कागदावर नोंदवून ठेवावं, जोडीजोडीने. पाच पात्रं म्हणजे दहा जोड्या आणि प्रत्येक जोडीत दोन दिशा. ‘अहो’वरून ‘अरे’वर येणं किंवा ‘अगं’वरून पुन्हा ‘तुम्ही’वर जाणं ही मोठी घटना आहे, दार आपटण्यापेक्षा मोठी. ती चुकून घडली, म्हणजे लेखकाच्याच हलगर्जीपणाने चौथ्या आणि अकराव्या प्रकरणात संबोधन बदललं, तर वाचक नसलेला अर्थ शोधत बसतो.

संवादाची आणखी एक चाचणी जुनीच आहे, पण करतं कोण! बोलणाऱ्यांची नावं झाकायची आणि वाक्यं दुसऱ्याला वाचायला द्यायची. कोण बोलतंय ते त्याला ओळखता आलं नाही, तर सगळेजण लेखकाच्याच आवाजात बोलताहेत. उपाय म्हणून एकाला ‘म्हणजे कसं आहे’, दुसऱ्याला ‘काय समजलात’ अशी पालुपदं चिकटवू नयेत. लकब आणि स्वभाव यांत गल्लत होते ती इथेच. लकबीची पात्राला काही किंमत मोजावी लागत असेल तर ती ठेवावी, नाहीतर ती नुसती कपाळावरची टिकली. निर्मलाला कोणाशीही बोलताना समोरच्याच्या छातीकडे बघायची सवय आहे, आणि त्यामुळे लोक अवघडतात, गैरसमज होतात, एकदा तक्रारही जाते. ही लकब चालेल. ती कामातून आलीय आणि महाग पडतेय.

नकारांची यादी हा खतावणीचाच दुसरा भाग. पात्र काय करतं, यापेक्षा ते काय कधीच करणार नाही, हे लवकर ठरवता येतं. पाच नकार लिहावेत. निर्मला अहवालाआधी पेशंटला काही सांगणार नाही, भावासमोर रडणार नाही, उसने पैसे मागणार नाही, दुसऱ्याच्या नावाची सही करणार नाही आणि वाजलेला फोन न उचलता सोडणार नाही. आता यातला एक मोडायचा. मोह होतो तो सगळ्यात मोठा मोडण्याचा, म्हणजे खोटी सही. पण मोठा नकार मोडायला मोठं कारण लागतं, मोठ्या कारणाला आणखी कथानक लागतं, आणि आधीच अडलेल्या लेखकाच्या अंगावर ते झेपत नाही. लहान मोडावा. फोन वाजतोय आणि निर्मला तो वाजू देते.

इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर याने १९२७ साली सपाट (एकाच गुणावर उभ्या) आणि गोल (अनेक बाजू असलेल्या) पात्रांची जी विभागणी केली, तिच्यात गोल पात्राची त्याची कसोटी हीच होती: ते आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करतं का. चकित करतं, पण पटत नाही, तर ते गोल असल्याचं सोंग करणारं सपाट पात्रच. ‘पटणं’ हे पेरणीवर अवलंबून असतं. फोन न उचलण्याचा प्रसंग चालायचा असेल, तर त्याआधी तिने फोन उचललेला वाचकाने निदान तीनदा पाहिलेला हवा: एकदा सहज, एकदा स्वतःची गैरसोय करून, एकदा हसू येईल अशा वेळी. तिन्ही जागा सारख्या अंतरावर नकोत, नाहीतर वाचकाला शिवण दिसते.

पात्राच्या भूतकाळात एकच मोठी जखम ठेवून सगळ्या वागण्याची किल्ली तिथे लटकवायची, ही आजकालची आवडती पळवाट आहे. लहानपणी अमुक झालं, म्हणून ती अशी. मला हे पटत नाही. एका कारणातून निघालेला माणूस गणितासारखा सुटतो, आणि सुटलेलं गणित दुसऱ्यांदा कोणी सोडवत नाही. खतावणीत आठ-दहा नोंदी असण्याचा फायदा हा, की कोणतीही एक नोंद सगळं समजावून सांगू शकत नाही. जखम असायला हरकत नाही. ती इतर नोंदींच्या रांगेत उभी राहावी.

ओळखीच्या माणसावरून घेतलेलं पात्र अडलं असेल, तर दुखणं वेगळं असतं. तिथे लेखकाला जास्त माहिती असते आणि खऱ्या माणसाशी इमान राखण्याचं दडपण येतं. ‘पण तो तर असं वागला नव्हता’ हे वाक्य आडवं येत राहतं. वय, काम आणि लिंग या तिन्हीपैकी निदान दोन बदलून टाकावीत. मराठीत पुरुषाची बाई केली की प्रत्येक ‘गेला’ची ‘गेली’ करावी लागते, वाक्यागणिक थांबावं लागतं, आणि त्या थांबण्यात मूळ माणूस निघून जातो. शोधा-बदलाची सोय वापरून हे एका फटक्यात करू नये. हाताने करावं, त्यातच गुण आहे. आणि खऱ्या माणसाला पुढे त्रास होऊ नये, हेही याच कामात आपोआप साधतं.

तुर्गेन्येव्ह या रशियन लेखकाने ‘फादर्स अँड सन्स’ लिहिताना बझारोव्ह या आपल्या नायकाच्या नावाने रोजनिशी ठेवली होती. कादंबरी १८६२ सालची. ही युक्ती आजही चालते, मात्र एक पथ्य आहे. त्या रोजनिशीत पात्राने स्वतःबद्दल लिहायचं नाही. स्वतःबद्दल लिहू दिलं, की पुन्हा उसासे सुरू होतात. त्याने इतरांबद्दल लिहावं, हवामानाबद्दल, शेजाऱ्याच्या नव्या दाराबद्दल, वर्तमानपत्रातल्या बातमीबद्दल. रोज दहा-बारा ओळी, चौदा दिवस. बाराव्या दिवसाच्या आसपास ते पात्र लेखकाच्या मताविरुद्ध काहीतरी मत देतं. तेवढ्यासाठी हा खटाटोप.

वेळापत्रकाबद्दल थोडंच. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करायचा आणि पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा. समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द, असा त्याचा दंडक होता. आत्मचरित्रात त्याने हे मोकळेपणाने लिहून ठेवलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली आलं. पात्र अडलेलं असताना हा वेग झेपणारा नाही आणि झेपवूही नये. पंचवीस मिनिटं, तीनशे शब्द, मूळ हस्तलिखितात नाही, वेगळ्या वहीत. वेगळी वही महत्त्वाची, कारण हस्तलिखितात लिहिलेलं वाक्य लगेच चांगलं दिसावं लागतं. वहीतलं नाही दिसलं तरी चालतं.

त्याच ट्रोलपची दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. क्लबात बसला असताना दोन धर्मगुरू त्याच्याच कादंबऱ्यांबद्दल बोलत होते, तीच तीच पात्रं पुन्हा पुन्हा आणतो म्हणून, आणि बिशपच्या बायकोवर, मिसेस प्राउडीवर, विशेष राग होता. ट्रोलपने उठून सांगितलं, घरी जातो आणि आठवड्याच्या आत तिला मारतो. मारलीही, बार्सेट या काल्पनिक परगण्यावरच्या मालिकेतल्या, १८६७ साली पुस्तकरूपात आलेल्या शेवटच्या कादंबरीत. पुढे त्याला त्याची हळहळ वाटत राहिली. थकलेलं पात्र वाचकाला थकलेलं वाटतं तेव्हा लेखकाला ते थकलेलं वाटतंच असं नाही, आणि उलटही. म्हणून कोणाच्या बोलण्यावरून किंवा स्वतःच्या एका वाईट संध्याकाळी पात्र काढून टाकू नये. आधी हिशोब करावा: हे पात्र काढलं तर किती प्रसंग कोसळतात? तीन किंवा जास्त कोसळत असतील तर पात्र ठेवून खतावणी नव्याने मांडावी. एकही कोसळत नसेल तर ते पाहुणं म्हणून आलं होतं, निरोप द्यावा. एक-दोन कोसळत असतील, तर तो भार दुसऱ्या एखाद्या अर्धवट पात्राच्या खात्यात वर्ग करावा. निर्मलाची सहकारी आणि खोलीबाहेर पेशंटची नावं पुकारणारी बाई, या दोघी एकच झाल्या तर? मग नावं पुकारणाऱ्या बाईला रात्रपाळ्यांचा इतिहास मिळतो, आणि “नाना, पुढचा नंबर तुमचा” हे वाक्य ती कशी म्हणते, ते बदलतं.

दुय्यम पात्रांना पूर्ण कागद लागत नाही. प्रत्येकी दोन नोंदी पुरतात, पण त्यातली एक तरी मुख्य पात्राशी संबंध नसलेली हवी. नाहीतर ती माणसं नायिका खोलीतून गेली की दिवा मालवून बसल्यासारखी वाटतात. डॉक्टरांना निर्मलाशिवायही कोणाचं तरी देणं असू दे.

खतावणी किती दिवस चालवायची? लिहिताना एखाद्या प्रसंगात पात्र असं काही करतं, जे कागदावर कुठेच नाही आणि तरी खोटं वाटत नाही. निर्मला नानांना उत्तर देत नाही, त्यांच्या शर्टाचं चुकलेलं बटण काढून नीट लावते, आणि सवयीने म्हणते, “सोडा आता श्वास.” असं झालं की कागद मिटून वहीच्या मागे सरकवावा आणि ते बटण कोणत्या रकान्यात टाकायचं याच्या भानगडीत न पडता पुढचं वाक्य लिहावं. नाना अजून तिथेच उभे आहेत.